आई-बाबांचा परदेश प्रवास, जुने आजार आणि विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेकीचं बाळंतपण, नातवाची मुंज, मुलाचं नवं घर. निमित्त काहीही असो, तिकीट काढून झालं की दोन-चार दिवसांत विम्याचा विषय निघतो आणि मला फोन येतो. मी विमा विकत नाही. आईच्या अमेरिकेच्या खेपेत जे सोसावं लागलं (प्रश्न ४), त्यानंतर पॉलिसी अक्षरन् अक्षर वाचायची सवय लागली. तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले लोक विचारत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात आणि बदलतही राहतात, म्हणून इथलं प्रत्येक उत्तर तुमच्या हातातल्या पॉलिसीशी ताडून बघा.

१. आम्हा दोघांची दहा लाखांची मेडिक्लेम आहे. परदेशासाठी वेगळा विमा कशाला?

कारण बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरत्याच असतात. काही महागड्या पॉलिसींत परदेशातल्या उपचारांचं कलम असतं, पण ते कुठल्या आजारांना आणि किती दिवसांच्या प्रवासाला लागू आहे हे कंपनीकडून ई-मेलवर लेखी मागवा. फोनवरच्या ‘हो’ला काही अर्थ नाही.

प्रवास विम्यात हरवलेलं सामान, चुकलेलं विमान, गहाळ पासपोर्ट अशा बऱ्याच गोष्टी असतात आणि जाहिरातीत त्याच ठळक दिसतात. वयस्कर माणसासाठी विमा घेताना ते पान बाजूला ठेवा. बॅग हरवली तर चार दिवस मुलाचे कपडे घालता येतात. बघायचं ते वैद्यकीय खर्चाचं पान.

२. सत्तरी ओलांडली की विमा मिळत नाही, असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. मिळतो, पण निवड कमी होत जाते. साधारण ६०, ७० आणि ८० या वयांना पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला हप्ता वाढतो, मिळणारी रक्कम आटते, काही कंपन्या रक्ततपासणी आणि ईसीजीचे रिपोर्ट मागतात. ऐंशीच्या पुढे तर बऱ्याच योजनांत रक्कम फारच कमी असते. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका. निदान महिनाभर आधी सुरुवात करा, म्हणजे एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारायला वेळ उरतो.

३. ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे नक्की काय? बाबांचं बीपी गोळीने अगदी नॉर्मल आहे, तेही लिहायचं का?

लिहायचं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि घरोघरी वाक्य एकच असतं: “मला कुठे बीपी आहे? गोळी घेतो ना, आता नॉर्मल असतं.” गोळीमुळे नॉर्मल आहे, याचाच अर्थ आजार आहे आणि त्यावर उपचार चालू आहेत.

आपल्याकडे विमा नियामकाची, म्हणजे आयआरडीएआयची, व्याख्या साधारण अशी आहे: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यावर उपचार वा सल्ला दिला, तो आधीपासूनचा आजार. २०२४ पर्यंत हा काळ ४८ महिन्यांचा होता. मात्र यावरून “स्टेंट आठ वर्षांपूर्वी बसवला, म्हणजे तो सुटला” असा हिशेब करू नका. स्टेंट जुना असला तरी रक्त पातळ ठेवायची गोळी आजही रोज चालू आहे, म्हणजे उपचार चालूच आहेत. शिवाय फॉर्ममध्ये “यापूर्वी कधीही” असं विचारलेलं असेल, तर वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशनही लिहायचं. थायरॉइड, कोलेस्टेरॉल, दमा, प्रोस्टेट, संधिवात, काचबिंदू, नैराश्यावरची गोळी, हे सगळं यात येतं.

४. आजार लिहिले की हप्ता वाढतो. नाही लिहिले तर त्यांना कळणार कसं?

तुमच्याच माणसाच्या तोंडून कळतं.

माझ्या आईचा फॉर्म एजंटने फोनवरून भरला होता. आजारांच्या रकान्यात त्याने ‘नाही’ लिहिलं, आणि आम्ही कोणीच तो फॉर्म वाचला नाही. न्यू जर्सीत एका रात्री आईच्या छातीत दुखायला लागलं. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं, तपासण्या झाल्या, सुदैवाने ती बरी होऊन घरी आली. दाखल करताना तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही आजार? आईने जे खरं ते सांगितलं: सात वर्षांपासून बीपीची गोळी. डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं. पुढे क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, त्याला त्या केसपेपरची प्रत जोडलेली होती आणि नेमकी तीच ओळ पेनाने अधोरेखित केलेली होती. भांडायला आमच्याकडे काही नव्हतं. फॉर्मवर सही आईची होती.

आई कितीतरी दिवस म्हणत राहिली, “मी बोलायलाच नको होतं.” डॉक्टरांना खरं सांगितल्याबद्दल आजारी माणसाला असं वाटावं, याचं मला आजही वाईट वाटतं. दोष फॉर्मचा होता आणि तो न वाचणाऱ्या आमचा होता.

विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो. महत्त्वाची माहिती लपवली, तर कंपनी क्लेम नाकारू शकते, पॉलिसी रद्दही करू शकते. हप्त्यात वाचलेले काही हजार रुपये त्यापुढे काहीच नाहीत.

५. मग फॉर्म कसा भरायचा?

ज्यांचा विमा आहे त्यांना शेजारी बसवून, आणि औषधांचा डबा उघडा ठेवून. एकेक पट्टी हातात घ्या, “ही कशासाठी?” असं विचारा आणि लिहून काढा. तीन आजार सांगणाऱ्या माणसाच्या डब्यातून पाच निघतात, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. कपाटातली जुनी फाइल काढा, डिस्चार्ज कार्डं बघा. मुलं बोस्टनहून किंवा बेंगळुरूहून ऑनलाइन फॉर्म भरतात तेव्हा नेमकं हेच राहून जातं, कारण आईची नवी गोळी त्यांना ठाऊकच नसते. असं असेल तर व्हिडिओ कॉल लावून डबा दाखवा.

एजंट भरत असेल तर भरलेल्या फॉर्मची प्रत मागा आणि वाचा. चूक दिसली तर निघण्यापूर्वीच ई-मेल करून दुरुस्त करून घ्या आणि दुरुस्तीचं उत्तर जपून ठेवा.

६. पॉलिसीवर ‘आधीचे आजार समाविष्ट’ असं लिहिलंय. म्हणजे सगळा खर्च मिळेल ना?

इथे घाई करू नका. या तीन शब्दांमागे प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो. मी स्वतः पॉलिसी बघते तेव्हा आधी हप्ता नाही, एकूण रक्कमही नाही, हेच कलम उघडते.

भारतीय कंपन्यांच्या बऱ्याच पॉलिसींत आधीच्या आजाराला संरक्षण असतं ते फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगात. म्हणजे हार्ट अटॅक आला, तर जीव वाचवण्यापुरता, प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च. साखर वाढली म्हणून डॉक्टरांना दाखवलं, औषध बदललं, तर ते त्यात बसत नाही. शिवाय या खर्चाला वेगळी मर्यादा असू शकते. पॉलिसी असते १ लाख डॉलरची, पण आधीच्या आजारासाठी त्यातला छोटासा हिस्साच मिळतो. साठीपुढच्यांसाठी काही पॉलिसींत खोलीचं भाडं, आयसीयू, सर्जनची फी, ॲम्ब्युलन्स अशा प्रत्येक बाबीलाही वेगळी सब-लिमिट असते. एकूण रक्कम कितीही मोठी असली तरी आयसीयूच्या एका दिवसाला ठरलेल्याहून जास्त मिळत नाही.

अमेरिकी कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या योजनांत शब्द असतो ‘अक्यूट ऑनसेट’. याचा अर्थ, जुना आजार अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता उफाळला पाहिजे आणि साधारण २४ तासांच्या आत उपचार घेतले पाहिजेत. हळूहळू वाढत गेलेला त्रास यात धरत नाहीत. समजा, दम्याच्या आजींना आठवडाभर धाप लागत होती, “उगीच खर्च नको” म्हणून त्यांनी अंगावर काढलं आणि आठव्या दिवशी त्यांना दाखल करावं लागलं. कंपनी म्हणणार, पूर्वसूचना आठवडाभर मिळत होती. आपली वडीलधारी माणसं त्रास लपवतात ती मुलांच्या काळजीपोटी, आणि नेमकं तेच क्लेमच्या मुळावर येतं. म्हणून निघण्यापूर्वी त्यांना निक्षून सांगा: दुखलं तर त्याच दिवशी बोला. या कलमाला वयाची अटही असते, कुठे सत्तरीपर्यंत, कुठे ऐंशीपर्यंत. हृदयविकार आणि पक्षाघाताची मर्यादा कधी कधी आणखी वेगळी असते.

कंपनीला लेखी विचारायला एवढे चार प्रश्न पुरतात. माझ्या आजाराला संरक्षण आहे का? कुठल्या परिस्थितीत? जास्तीत जास्त किती रक्कम? माझ्या वयाला यात काही कपात आहे का?

७. विमा इथून घ्यावा की मुलाने अमेरिकेतून काढावा?

दोन्ही चालतं. सरसकट अमुकच चांगला, असं मी सांगत नाही. इथला विमा बहुधा स्वस्त पडतो, हप्ता रुपयांत असतो आणि भांडण झालं तर इथे दाद मागता येते (प्रश्न १७). तिथल्या विम्याचा फायदा असा, की हॉस्पिटलचं बिलिंग खातं ते कार्ड ओळखतं आणि कंपनीच्या नेटवर्कमधले डॉक्टर जवळपास सापडतात.

तिथल्या योजनांत एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. एक प्रकार ‘फिक्स्ड’ म्हणजे ठरीव रकमांचा: डॉक्टरांच्या भेटीला इतके, एका दिवसाला इतके, बाकी तुम्ही भरायचे. दुसरा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’: डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम (प्रश्न ८), भरल्यावर मर्यादेपर्यंत बिलाचा मोठा वाटा कंपनी उचलते. पहिला स्वस्त असतो म्हणून लोक तो घेतात. माझं मत विचाराल तर अमेरिकेसाठी, आजार असलेल्या माणसाला, दुसराच घ्या.

८. किती रकमेचा घ्यावा? आणि हे डिडक्टिबल काय असतं?

डिडक्टिबल म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम. ती जास्त ठेवली तर हप्ता कमी होतो. किरकोळ दुखणं मुलगा भरू शकतो, त्यामुळे मध्यम डिडक्टिबल ठेवून वाचलेले पैसे मोठ्या रकमेच्या पॉलिसीवर घालवणं मला शहाणपणाचं वाटतं. अमेरिका आणि कॅनडासाठी १ लाख डॉलरच्या खाली जाऊ नका. पण त्याहीआधी प्रश्न ६ मधली सब-लिमिट बघा.

९. युरोपच्या व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा घेतला. तो पुरे ना?

व्हिसासाठी पुरे. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाला, किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं आणि पूर्ण मुक्कामाचं. तातडीचे उपचार, हॉस्पिटल, मायदेशी परत आणणं आणि मृत्यू हे त्यात यावं लागतं. पण व्हिसा कचेरी रक्कम आणि तारखा तपासते, तुमचा मधुमेह त्या पॉलिसीत धरला आहे का हे तपासत नाही. व्हिसा मिळालेली पॉलिसी आधीच्या आजाराला एक युरोही न देणारी असू शकते.

१०. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी विमा काढताना ‘स्टेबल’ असा शब्द आला. म्हणजे काय?

सुपर व्हिसा म्हणजे तिथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी असलेला लांब मुक्कामाचा व्हिसा. त्याला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचा किंवा हप्ते बांधून पहिली रक्कम दिल्याचा पुरावा लागतो. पूर्वी विमा कॅनडाच्याच कंपनीचा लागायचा. २८ जानेवारी २०२५ पासून परदेशी कंपनीचाही चालतो, मात्र तिला कॅनडाच्या वित्तीय नियामकाची मान्यता हवी. आपल्या नेहमीच्या कंपनीचं नाव त्या यादीत आहे का, हे आधी बघा.

आता ‘स्टेबल’. कॅनडाच्या बऱ्याच पॉलिसी आधीच्या आजाराला संरक्षण देतात, पण तो आजार ठरावीक काळ, बहुधा ९० किंवा १८० दिवस, स्थिर असला पाहिजे. स्थिर म्हणजे नवं लक्षण नाही, नवी तपासणी सुचवलेली नाही आणि औषधात बदल नाही. गोळी ४० वरून ८० झाली तर अस्थिर हे सहज समजतं. पण ८० वरून ४० झाली, म्हणजे तब्येत सुधारली, तरीही बऱ्याच पॉलिसी तो बदलच धरतात. म्हणून नेहमीची तपासणी निघायच्या आठवड्यात न करता चार-सहा महिने आधी उरकून घ्या आणि दिवस मोजून विमा काढा. डॉक्टरांना औषध बदलायची खरंच गरज वाटत असेल, तर मात्र आधी औषध बदला, प्रवास पुढे ढकला. विम्यासाठी गोळी अडवून ठेवू नका.

११. इंग्लंडमध्ये तर एनएचएस फुकट आहे. तिथे कशाला विमा?

एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, तिथे राहणाऱ्यांना फुकट आहे. इमर्जन्सी विभागातल्या उपचारांचे पैसे पाहुण्यांकडूनही घेत नाहीत, पण वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू होतं आणि ते एनएचएसच्या दराच्या १५० टक्के असतं. ५०० पौंडांवरची थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसा अडू शकतो. विमा घ्या.

१२. विमा काढल्यावर आणि निघण्यापूर्वी आईला नवीन गोळी सुरू झाली. आता?

कंपनीला त्याच दिवशी ई-मेल करा. प्रिस्क्रिप्शनची प्रत जोडा. कंपनी हप्ता वाढवेल, अट घालेल किंवा तसंच चालू ठेवेल, पण जे ठरेल ते लेखी असेल. कॅनडाची पॉलिसी असेल तर प्रश्न १० मधले दिवस पुन्हा मोजा.

१३. गुडघेदुखी, मोतीबिंदू, दात, डायलिसिस यातलं काय मिळतं?

ठरवून करता येण्यासारखं काहीच मिळत नाही. मोतीबिंदू आणि गुडघा इथूनच करून जा किंवा परत आल्यावर करा. दातांचं फक्त अचानक उठलेल्या कळेपुरतं, तेही लहान रकमेत. नियमित डायलिसिस आणि चालू असलेली केमोथेरपी यांचा खर्च प्रवास विम्यात येत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला जायचंच असेल तर तिथल्या केंद्राची वेळ आणि खर्च निघण्यापूर्वी ठरवून घ्या.

१४. औषधं किती न्यायची? संपली तर विम्यातून मिळतात का?

नेहमीची औषधं विम्यातून मिळत नाहीत, तेव्हा इथूनच न्या. अमेरिकेत पाहुण्याने साधारण ९० दिवसांची स्वतःपुरती औषधं न्यावीत असा तिथला संकेत आहे. मूळ पट्ट्यांमध्येच ठेवा, सुट्या गोळ्या पुडीत बांधू नका. डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या: आजाराचं नाव, औषधाचं मूळ रासायनिक नाव, डोस. आपल्या ब्रँडची नावं तिकडे कोणाला कळत नाहीत. साधं पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणून मिळतं. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं.

१५. बाळ लवकर आलं, मुक्काम दोन महिने वाढवायचा आहे. विमा वाढतो का?

वाढतो, पण मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला तरच. बऱ्याच भारतीय पॉलिसी एका प्रवासाला १८० दिवस देतात आणि पुढे वाढवताना “आतापर्यंत क्लेम नाही, तब्येत ठीक” असं लिहून मागतात. मधल्या काळात झालेला आजार वाढीव मुदतीत आधीपासूनचा धरला जाऊ शकतो. मुदत संपल्यावर, माणूस तिकडे असताना इथली नवी पॉलिसी सहसा मिळत नाही. मुक्कामाचा अंदाज नसेल तर सुरुवातीलाच एक महिना जास्तीचा घ्या.

१६. प्रसंग आलाच तर पहिल्या तासात काय करायचं?

जीव धोक्यात असेल तर आधी ॲम्ब्युलन्स, विमा नंतर. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला पैसे वा विमा न बघता तपासून रुग्णाची प्रकृती स्थिर करावी लागते. बिल येतंच, पण दारातून परत पाठवत नाहीत.

मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. पॉलिसीत बहुधा २४ तासांची मुदत दिलेली असते. हा नंबर, पॉलिसी क्रमांक, आजार आणि औषधं एका कागदावर लिहून आई-बाबांच्या पाकिटात ठेवा, सून-जावयाच्या मोबाइलमध्येही ठेवा. मुलगा ऑफिसला गेलेला असताना फोन शेजारीण करणार आहे, हे धरून चाला. हॉस्पिटल सोडताना डिस्चार्ज समरी, बाबवार बिलं आणि रिपोर्ट मागून घ्या. पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत आणि बोर्डिंग पास जपा. आजार किती वर्षांचा असं डॉक्टरांनी विचारलं तर आठवेल तेच आणि खरंच सांगा. अंदाजाने “दहा-पंधरा वर्षं” म्हणून टाकू नका, तो आकडा कागदावर उतरतो.

१७. सगळं खरं लिहूनही क्लेम नाकारला. पुढे काय?

नकाराचं कारण आणि पॉलिसीतलं कलम लेखी मागा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात, अर्ज वर्षाच्या आत करायचा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. ही वाट भारतीय कंपनीच्या पॉलिसीसाठी. तिथल्या कंपनीविरुद्ध तिथल्याच नियामकाकडे जावं लागतं.

१८. चारधाम किंवा काशीला जातोय. आयुष्मान वय वंदना कार्ड आणि रेल्वेचा विमा आहे, पुरे का?

देशातल्या देशात तुमची मेडिक्लेम चालतेच, तिचं कार्ड सोबत ठेवा. ७० वर्षांवरच्यांना मिळणारं वय वंदना कार्ड योजनेतल्या हॉस्पिटलांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत चालतं, पण फक्त भारतात. रेल्वेच्या ई-तिकिटाबरोबरचा ४५ पैशांचा विमा अपघातापुरताच आहे, गाडीत छाती दुखली तर त्याचा उपयोग नाही. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. हृदय आणि फुप्फुसांचा त्रास असलेल्यांनी विम्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

१९. टूर कंपनीने विमा दिलाय. वेगळा घ्यायचा का?

त्यांच्याकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, नुसतं प्रमाणपत्र नको. गटाची पॉलिसी असेल तर तुमचा आजार कोणी विचारलेलाच नसतो. म्हणजे बहुधा तो वगळलेला असतो. प्रश्न ६ मधले चार प्रश्न त्यांनाही विचारा.

२०. विचारायला जड जातं, पण तिकडेच काही बरंवाईट झालं तर?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून विचारतात. विचारायलाच हवा. पार्थिव परत आणण्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत असतो. तिकडेच अंत्यसंस्कार केले तर त्याचा खर्च मिळतो का, हे वेगळं बघा. मृत्यू आधीच्या आजाराने झाला तरी हा खर्च मिळतो का, हे तर नक्कीच बघा, कारण काही ठिकाणी ते वगळलेलं असतं. पार्थिव आणायला भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र लागतं. ते काम घरचे करू शकतात, पण विमा कंपनीची मदत यंत्रणा सोबत असली तर खूप हलकं होतं.

२१. बाबा ८४ वर्षांचे, दोन स्टेंट, किडनीचा त्रास. त्यांच्या आजारासह विमा कोणीच देत नाही. जाऊ द्यावं का?

आजार वगळून दिलेला विमा तरी घ्या. पडणं, हाड मोडणं, न्यूमोनिया हे त्यात येतं आणि या वयात तेही महत्त्वाचं आहे. मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा ठेवा, मुलाने खर्चासाठी वेगळी रक्कम बाजूला काढावी आणि त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी होकार द्यावा. यातलं काही जमत नसेल तर मी नको म्हणेन. माझ्या ओळखीच्या एका घराने तेच तिकिटाचे पैसे नातवंडांना सातारला बोलावण्यात घातले आणि आजोबांनी महिनाभर त्यांना स्वतःच्या शेतावर फिरवलं.